घरी गाणे रेकॉर्ड करण्यासाठी संगणक आणि सॉफ्टवेअर कसे निवडावे

घरी रेकॉर्डिंग करायचे आहे, तर कोणता लॅपटॉप घ्यावा, असा प्रश्न मला सांगली-मिरजेत वारंवार विचारला जातो. विचारणाऱ्यांत गायनाच्या परीक्षा देणारी मुले असतात, भजनी मंडळात पेटी वाजवणारे गृहस्थ असतात, आणि निवृत्तीनंतर स्वतःच्या चाली जपून ठेवू पाहणाऱ्या शिक्षिकाही असतात. प्रश्न रास्त आहे, पण त्याचे उत्तर सर्वांत शेवटी द्यायचे असते. काय रेकॉर्ड करायचे हे आधी ठरले की एका वेळी किती माइक लागतील ते कळते, त्यावरून कामाची पद्धत आणि सॉफ्टवेअर ठरते, मग इंटरफेस, म्हणजे माइक संगणकाला जोडणारे उपकरण, ठरते, आणि हे सारे ज्याच्यावर बिनघोर चालेल असा संगणक त्यानंतर शोधता येतो. बहुतेक जण हा क्रम उलटा करतात, जवळचे सगळे पैसे संगणकावर घालतात आणि माइकसाठी हातात काही उरत नाही.

मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्याच मिरजेत खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांचे वास्तव्य होते, आणि त्यांच्या काळातील तबकडीच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटांचेच गाणे मावत असे. आज साध्यातल्या साध्या लॅपटॉपवर तासाभराचा ख्याल अखंड मावतो, त्यामुळे जागेची अडचण संपलेली आहे. आता अडचण उरली आहे ती शांततेची आणि भरवशाची. यंत्राचा स्वतःचा आवाज गाण्यात येऊ नये आणि भर रंगात आलेल्या गाण्याच्या मध्येच यंत्र अडखळू नये, एवढे दोन गुण ज्या संगणकात आहेत तो आपल्या कामाचा. मी स्वतः तंबोऱ्याला कसोटी मानतो. घोडीवरच्या सुतामुळे तारेतून जी जवारी उमटते, ती बारीक स्वरांची झालर रेकॉर्डिंगमध्ये शेवटपर्यंत ऐकू आली, तर बाकीच्या वाद्यांची काळजी करण्याचे कारण राहत नाही.

पहिली पायरी: एका वेळी किती जण वाजवणार?

चित्रपटगीताच्या पद्धतीने काम करणारा माणूस आधी ताल, मग पेटी किंवा गिटार, मग आवाज असे एकेक थर चढवत जातो. त्याला एका वेळी एक किंवा फार तर दोन माइक पुरतात. आपल्या रागसंगीताचे तसे नाही. गाणारा, पेटीवर साथ करणारा आणि तबलजी एकमेकांकडे पाहत वाजवतात, समेवर एकत्र येतात, आणि एकाने घेतलेली जागा ऐकून दुसरा आपले वाजवणे बदलतो. अशा तिघांना वेगवेगळ्या दिवशी बोलावून त्यांचे तुकडे जोडणे म्हणजे गाण्याचा प्राणच काढून घेणे होय. तिघे एकत्र बसणार असतील तर आवाजाला एक, पेटीला एक आणि तबल्याच्या जोडीला एक किंवा दोन, असे तीन-चार माइक धरावेत. भजनी मंडळासाठी मात्र प्रत्येकाच्या पुढ्यात माइक ठेवण्याच्या भानगडीत पडू नये. पखवाज आणि टाळ यांचा आवाज इतका मोठा असतो की तो सगळ्याच माइकांत शिरतो आणि नंतर काहीच वेगळे करता येत नाही. मंडळासमोर दोन-अडीच मीटरवर डावा-उजवा असे दोन चांगले माइक उभे करावेत आणि माणसांनाच पुढे-मागे बसवून आवाजाचा तोल साधावा. हा मार्ग स्वस्तही आहे आणि ऐकायलाही चांगला लागतो.

एकट्याचा रियाज ऐकून स्वतःच्या चुका शोधणे एवढाच हेतू असेल, तर सध्या काहीच विकत घेऊ नका. हातातला मोबाइल त्या कामाला पुरेसा आहे. सहा महिने नियमाने रेकॉर्डिंग ऐकण्याची सवय टिकली, तर मग पुढच्या पायरीवर या.

दुसरी पायरी: सॉफ्टवेअर

गाणे रेकॉर्ड करणे, त्याचे वेगवेगळे ट्रॅक सांभाळणे, कापणे-जोडणे आणि शेवटी मिसळणे, हे सारे ज्या एका सॉफ्टवेअरमध्ये होते त्याला या व्यवसायात डीएडब्ल्यू म्हणतात. अशी सॉफ्टवेअर डझनावारी आहेत आणि त्यांपैकी जवळजवळ सर्वांमधून निघणारा आवाज सारखाच असतो. एकातून गाणे गोड निघते आणि दुसऱ्यातून कोरडे, या समजुतीत तथ्य नाही. फरक असतो तो कामाच्या पद्धतीत, किमतीत आणि संगणकावर पडणाऱ्या भारात.

अगदी नवख्या माणसाने ऑडासिटीपासून सुरुवात करावी. हे सॉफ्टवेअर २००० पासून उपलब्ध आहे, पूर्णपणे मोफत आहे आणि विंडोज, मॅक व लिनक्स या तिन्हींवर चालते. एकट्याचा आवाज रेकॉर्ड करणे, सुरुवातीचे खाकरणे कापणे, आवाज थोडा उचलणे आणि फाइल तयार करणे एवढ्या कामासाठी ते उत्तम आहे. तीन-चार माइक आणि त्यांचे वेगवेगळे मिश्रण सुरू झाले की मात्र त्यात हात अडखळतो.

विंडोजवर त्यापुढचे पाऊल म्हणून मी जवळजवळ सर्वांना रीपर सुचवतो. एकेकाळी प्रत्येक संगणकावर असणाऱ्या विनॅम्प या गाणी ऐकण्याच्या सॉफ्टवेअरचा निर्माता जस्टिन फ्रँकेल याने ते तयार केले आहे. ते आकाराने अगदी लहान आहे, जुन्या यंत्रावरही हलके चालते, आणि साठ दिवस सर्व सोयींसह वापरून पाहता येते. त्यानंतर वैयक्तिक वापरासाठी, तसेच व्यवसायातून वर्षाला वीस हजार डॉलरपर्यंत उत्पन्न असणाऱ्यांसाठी, त्याचा परवाना साठ डॉलरला मिळतो. त्याची पहिली ओळख थोडी रुक्ष वाटते, कारण पडद्यावर रंगीत तबले किंवा तयार चाली दिसत नाहीत. पण ज्याला खरी वाद्ये रेकॉर्ड करायची आहेत त्याला त्यांची गरजही नसते. मॅक असेल तर त्याच्याबरोबर मिळणारे मोफत गॅरेजबँड पुरेसे आहे. त्यात केलेले काम पुढे ॲपलच्याच लॉजिक प्रो या मोठ्या सॉफ्टवेअरमध्ये जसेच्या तसे उघडता येते, म्हणून सुरुवातीची मेहनत वाया जात नाही. लिनक्सवर आर्डर आहे, आणि रीपरही तेथे चालते.

एफएल स्टुडिओ तरुणांमध्ये फार लोकप्रिय आहे आणि ताल व सिंथेसायझरच्या रचनांसाठी ते समर्थही आहे. परंतु त्याच्या सर्वांत स्वस्त आवृत्तीत माइकवरून रेकॉर्डिंगची सोय नसते, ती त्यापुढच्या आवृत्तीपासून मिळते. गायकाने हे न पाहता पैसे भरले तर त्याची पंचाईत होते. नव्या इंटरफेसबरोबर बऱ्याचदा एबलटन लाइव्हची लाइट आवृत्ती मोफत मिळते. तिच्यात आठ ट्रॅकची मर्यादा आहे, पण गाणे, पेटी, तबला आणि तंबोरा यांना आठ ट्रॅक पुष्कळ झाले. म्हणून इंटरफेस घेण्याआधी सॉफ्टवेअर विकत घेण्याची घाई करू नये.

चोरीच्या, म्हणजे क्रॅक केलेल्या सॉफ्टवेअरबद्दल स्पष्ट सांगतो: ते घेऊ नका. त्यामागे कोणाच्या तरी वर्षानुवर्षांच्या कष्टांची चोरी असते हे पहिले कारण. दुसरे असे की अशा फाइलींबरोबर व्हायरस येण्याचा धोका मोठा असतो, आणि सॉफ्टवेअर मध्येच बंद पडले तर विचारायला कोणी नसते. मोफत आणि स्वस्त पर्याय इतके चांगले असताना ही जोखीम घेण्यात काहीच अर्थ नाही.

तिसरी पायरी: इंटरफेस

माइकचा क्षीण विद्युतप्रवाह उचलून संगणकाला समजेल अशा आकड्यांत बदलणारी आणि संगणकातला आवाज पुन्हा हेडफोनपर्यंत आणणारी पेटी म्हणजे ऑडिओ इंटरफेस. आपल्याकडे बरेच जण तिला साउंड कार्डच म्हणतात. लॅपटॉपच्या लहान छिद्रात माइकची वायर खुपसून चांगले रेकॉर्डिंग होत नाही, कारण आतले साउंड कार्ड बोलण्यासाठी बनवलेले असते आणि शेजारच्या पंख्याची व चार्जरची खरखर त्यात मिसळते. फोकसराइटच्या स्कारलेट मालिकेतील सोलोमध्ये एका माइकची आणि टूआयटूमध्ये दोन माइकची सोय आहे, तर बेहरिंजरच्या यूएमसी४०४एचडीमध्ये चार माइक लावता येतात. पहिल्या पायरीवर काढलेला आकडा येथे कामी येतो. माझे मत असे की एकट्या गायकानेही दोन माइकचा इंटरफेस घ्यावा, कारण आज ना उद्या कोणी तरी साथीला बसतेच. यूएसबी माइक सोयीचा असला, तरी दुसरा तसाच माइक त्याच संगणकाला एकत्र जोडणे किचकट होते. कंडेन्सर माइक, म्हणजे बारीक आवाज टिपणारा पण बाहेरून वीज लागणारा माइक, घेणार असाल तर इंटरफेसवर ४८ व्होल्टच्या फँटम पॉवरचे, म्हणजे वायरीतूनच माइकला वीज देण्याचे, बटण आहे याची खात्री करा.

इंटरफेसबरोबर लेटन्सी म्हणजे विलंब समजून घ्यावा लागतो, आणि नवख्या माणसाला सर्वांत जास्त त्रास देणारी गोष्ट हीच आहे. संगणक आवाजाचा प्रत्येक कण, म्हणजे नमुना, आला तसा हाताळत नाही. तो कणांची एक ओंजळ भरू देतो आणि मग ती एकदम उचलतो. या ओंजळीला बफर म्हणतात. सेकंदाला ४८,००० नमुने या वेगाने २५६ नमुन्यांची ओंजळ भरायला सुमारे ५.३ मिलिसेकंद लागतात आणि १,०२४ नमुन्यांची भरायला सुमारे २१ मिलिसेकंद. आत येताना एकदा आणि बाहेर जाताना पुन्हा एकदा हा वेळ जातो, शिवाय इंटरफेसचा स्वतःचा थोडा वेळ असतो. आवाज हवेतून एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर जातो, म्हणजे १० मिलिसेकंदांचा उशीर हा साडेतीन मीटरवर बसलेल्या तबलजीला ऐकण्यासारखा आहे आणि तो बहुतेकांना जाणवत नाही. तो ४०-५० मिलिसेकंदांवर गेला, की स्वतःचाच आवाज हेडफोनमध्ये मागून येतो आणि गाणारा लयीत मागे पडू लागतो. शिष्य लयीला कच्चा आहे असे मानून गुरुजी रागावले आणि नंतर दोष बफरचा निघाला, हे माझ्या डोळ्यांसमोर घडले आहे.

यावर दोन उपाय आहेत. पहिला म्हणजे डायरेक्ट मॉनिटरचे बटण असलेला इंटरफेस घेणे, ज्यात माइकचा आवाज संगणकाचा वळसा न घेता थेट हेडफोनमध्ये येतो. त्यामुळे बफर मोठा ठेवला तरी चालते आणि जुन्या संगणकावरही बिनधास्त रेकॉर्डिंग होते. दुसरा उपाय चांगल्या ड्रायव्हरचा, म्हणजे संगणक आणि इंटरफेस यांची गाठ घालून देणाऱ्या छोट्या सॉफ्टवेअरचा. विंडोजवर एएसआयओ पद्धतीचा, त्या इंटरफेसच्या कंपनीनेच दिलेला ड्रायव्हर वापरावा. मॅकवर कोअर ऑडिओ आधीपासूनच असतो, म्हणून तेथे ही खटपट सहसा करावी लागत नाही.

चौथी पायरी: संगणक

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. डेस्कटॉप की लॅपटॉप, तर आपल्या भागासाठी माझे उत्तर लॅपटॉप असे आहे. वीज क्षणभर गेली तरी त्याची बॅटरी रेकॉर्डिंग सांभाळते, तो गुरुजींच्या घरी किंवा देवळात नेता येतो, आणि वायरीतून घरघर येऊ लागली तर चार्जर काढून केवळ बॅटरीवर काम पुरे करता येते. ज्यांच्याकडे चांगला डेस्कटॉप आधीच आहे त्यांनी तो टाकून देऊ नये. त्याला यूपीएस जोडावा आणि त्याचा डबा गाण्याच्या खोलीबाहेर किंवा निदान जाड पडद्याआड ठेवावा.

प्रोसेसरच्या बाबतीत दुकानदार सर्वांत महाग नाव पुढे करतो. आवाज आणि तीन वाद्ये रेकॉर्ड करण्यासाठी इंटेलचा आय५ किंवा एएमडीचा रायझेन ५ या दर्जाचा, अलीकडच्या काही वर्षांतला कोणताही प्रोसेसर पुरेसा आहे. गेमिंगचा लॅपटॉप मात्र टाळावा. त्यातले ग्राफिक्स कार्ड गाण्याच्या काहीच कामाचे नसते, पण त्याच्या उष्णतेमुळे पंखे सतत घोंघावतात. माझ्या परिचयातल्या एका विद्यार्थ्याने असा लॅपटॉप मोठ्या हौसेने आणला आणि मिरजेहून आणलेल्या नव्या तंबोऱ्याचे रेकॉर्डिंग मला ऐकवले. खर्जाची तार छेडल्यावर पहिले दोन-तीन सेकंद सुंदर होते. त्यानंतर जवारी जसजशी विरू लागली, तसतसा खालून पंख्याचा फुस्स आवाज वर येत गेला आणि तारेचा शेवटचा, सर्वांत नाजूक भाग त्यात बुडून गेला. यंत्र महागडे होते, वेगवान होते, आणि त्या एका कामासाठी निरुपयोगी होते.

पैशाची सोय असेल तर पंखाच नसलेले यंत्र हा या अडचणीवरचा सरळ उपाय आहे. ॲपलने नोव्हेंबर २०२० मध्ये एम१ चिप आणली, तेव्हापासूनच्या मॅकबुक एअरमध्ये पंखा नाही, आणि घरगुती रेकॉर्डिंगसाठी त्यांची ताकद गरजेपेक्षा जास्तच आहे. वापरलेला एम१ एअर चांगल्या स्थितीत मिळाला, तर गायकासाठी तो मला आजही फार योग्य सौदा वाटतो. एकच खबरदारी घ्यावी: त्याची मेमरी आणि साठवण नंतर वाढवता येत नाही, म्हणून घेतानाच पुरेशी घ्यावी.

मेमरी, म्हणजे रॅम, निव्वळ रेकॉर्डिंगसाठी ८ जीबी चालते, पण नवे यंत्र घेताना १६ जीबी घ्यावी. तयार तबला, बासरी किंवा व्हायोलिनच्या नमुन्यांची सॉफ्टवेअर वाद्ये वापरू लागलात की ८ जीबी कमी पडते, कारण ते नमुने मेमरीत चढवून ठेवावे लागतात. विंडोज लॅपटॉप घेताना रॅम बोर्डावर पक्की बसवलेली आहे की जादा खाच मोकळी आहे, हे विचारून घ्यावे.

साठवणीचा हिशेब स्वतः करून पाहण्यासारखा आहे. २४ बिट आणि ४८ किलोहर्ट्झवर एका माइकचे रेकॉर्डिंग मिनिटाला सुमारे ८.६ एमबी, म्हणजे तासाला सुमारे ५२० एमबी जागा घेते. चार माइकची दोन तासांची मैफल जेमतेम ४ जीबीच्या आसपास जाते. तेव्हा ५१२ जीबीची एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली वेगवान साठवण, घरच्या कामाला पुरते, पण ती एसएसडीच हवी. फिरत्या तबकडीची जुनी हार्ड डिस्क मंद असते आणि ती स्वतः किरकिरते. जुना लॅपटॉप वापरायचा ठरवला असेल, तर सर्वप्रथम त्याची डिस्क बदलून एसएसडी बसवा. त्याइतका मोठा फरक दुसऱ्या कोणत्याही खर्चाने पडत नाही.

जुन्या किंवा रिफर्बिश्ड यंत्राबद्दल आणखी एक गोष्ट. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ साठी साधारणपणे इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही यंत्रातली सुरक्षेची सोय लागते. म्हणून सहाव्या-सातव्या पिढीचा लॅपटॉप स्वस्त मिळतो म्हणून भुलू नये. तो घरात आधीच असेल, तर त्यावर उबंटू स्टुडिओ ही ध्वनिकामासाठीची मोफत लिनक्स प्रणाली घालून त्याचा उपयोग करता येतो. मात्र तुमचा इंटरफेस लिनक्सवर चालतो का, हे आधी तपासून घ्या.

पैशाच्या वाटणीबद्दल माझा नियम असा की एकूण रकमेच्या निम्म्याहून अधिक संगणकावर जाऊ देऊ नये. उरलेल्या निम्म्यात इंटरफेस, माइक, स्टँड, चांगल्या वायरी आणि कान पूर्ण झाकणारा हेडफोन बसला पाहिजे. वायरीवर केलेली काटकसर पहिल्याच महिन्यात खरखरीच्या रूपाने परत येते.

पाचवी पायरी: दुकानात तपासणी

यंत्र पाहायला जाताना दुपारच्या निवांत वेळी जावे आणि आतली शांत खोली मागावी. रस्त्यालगतच्या काउंटरवर पंख्याचा आवाज कधीच कळत नाही. लॅपटॉप चालू करून पंधरा मिनिटे एखादा मोठा व्हिडिओ चालवावा, म्हणजे तो तापेल. मग एक मीटरवर मोबाइल ठेवून मिनिटभर रेकॉर्डिंग करावे आणि ते हेडफोनवर ऐकावे. विंडोज यंत्र असेल तर लेटन्सीमॉन हे मोफत साधन पेनड्राइव्हवर न्यावे आणि दुकानदाराच्या परवानगीने दहा-पंधरा मिनिटे चालवावे. यंत्रातला एखादा ड्रायव्हर आवाजाचे काम अडवत असेल तर ते तेथेच कळते. बहुतेक वेळा दोषी वायफायचा ड्रायव्हर असतो, आणि रेकॉर्डिंगच्या वेळी वायफाय बंद ठेवल्याने काम भागते. यूएसबीची किमान दोन तोंडे आहेत हेही पाहावे, कारण इंटरफेस हबमधून न लावता थेट संगणकाला लावणे श्रेयस्कर.

सहावी पायरी: घरी आल्यावरची मांडणी

प्रथम इंटरफेसचा ड्रायव्हर कंपनीच्या संकेतस्थळावरून घ्यावा, नंतर रीपर बसवावे. रीपरच्या ऑप्शन्समधील प्रेफरन्सेसमध्ये ऑडिओ डिव्हाइस या पानावर एएसआयओ आणि आपला इंटरफेस निवडावा. वेग ४८,००० आणि बफर २५६ ठेवावा, आणि रेकॉर्डिंगचे स्वरूप २४ बिट वेव्ह ठरवावे. नवे काम जतन करताना त्याच्यासाठी वेगळे फोल्डर करण्याच्या आणि सर्व ध्वनिफाइली त्यातच ठेवण्याच्या खुणा न चुकता कराव्यात, म्हणजे सहा महिन्यांनी फाइली शोधत बसावे लागत नाही. फोल्डरचे नाव रोमन अक्षरांत आणि तारखेसह द्यावे, कारण काही प्लगइन, म्हणजे डीएडब्ल्यूला जोडायची लहान सॉफ्टवेअर, देवनागरी नावांपाशी अडखळतात. लॅपटॉपच्या पॉवर सेटिंगमध्ये पूर्ण क्षमतेचा पर्याय निवडावा आणि अपडेट, सूचना व ब्लूटूथ तेवढ्यापुरते बंद करावेत.

आपल्या संगीतासाठी आणखी एक बदल करावा लागतो. ही सारी सॉफ्टवेअर ठरावीक वेगाची आणि चार-चार मात्रांची चौकट धरून उघडतात. रीपर आपण होऊन मिनिटाला १२० मात्रांचा वेग दाखवते. विलंबित एकताल त्या चौकटीत बसत नाही आणि बसवूही नये. मेट्रोनोम बंद करावा, ऑल्ट आणि एस या कळा दाबून स्नॅप, म्हणजे तुकडे आपोआप त्या चौकटीला चिकटवणारी सोय, बंद करावे, आणि तुकडे कानाने जुळवावेत. तसेच स्वर आपोआप सुधारणारी प्लगइन रागाच्या कामात वापरू नयेत. ती प्रत्येक स्वर पट्टीच्या बारा घरांत ओढून बसवतात आणि मींड, आंदोलन व दरबारीचा कोमल गंधार त्यात चिरडले जातात.

गेन, म्हणजे माइकचा आवाज किती उचलायचा ते, ठरवताना गायकाला सुरुवातीचा खर्ज लावायला सांगू नका, तर तार सप्तकातली सर्वांत जोरकस तान घ्यायला सांगा. त्या क्षणी मीटर उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील इतका गेन ठेवा. २४ बिटमध्ये मंद आवाजालाही पुरेशी जागा असते, म्हणून मीटर वरपर्यंत भरण्याची गरज नाही. शून्याला टेकलेला आवाज फाटतो आणि तो पुन्हा शिवता येत नाही.

खोलीबद्दल थोडक्यात: मध्यभागी उभे राहून टाळी वाजवा. मागून पत्र्यासारखा झणझण आवाज आला, तर समोरासमोरच्या भिंतींपैकी एकीवर घरातल्या दोन जाड वाकळा टांगा आणि खाली सतरंजी घाला. छताचा पंखा, फ्रिज आणि ट्यूबलाइट बंद करा. सलग गुणगुण ऐकू येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून पाहा. ती थांबली तर दोष बहुधा अर्थिंगचा आहे आणि वायरमनला बोलावून तो दुरुस्त करून घ्यावा. इन्व्हर्टरवर घर चालू असताना शक्यतो रेकॉर्डिंग करू नये. पावसाळ्यात कंडेन्सर माइक सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यात ठेवावा.

सातवी पायरी: प्रती

प्रत्येक रेकॉर्डिंगच्या तीन प्रती हव्यात: एक संगणकात, दुसरी बाहेरच्या डिस्कवर, आणि तिसरी दुसऱ्या घरात किंवा क्लाउडवर. तिसऱ्या प्रतीबद्दल मी आग्रही आहे, त्याला कारण आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी सांगलीत शिरले, तेव्हा आमच्या तळमजल्यावरच्या कपाटात संगणक आणि बॅकअपची डिस्क एकाच फळीवर शेजारी-शेजारी होत्या. पाणी ओसरल्यावर दोन्ही गाळाने भरलेल्या निघाल्या. त्यातल्या एका रेकॉर्डिंगमध्ये आईने जात्यावरच्या ओव्या म्हटल्या होत्या, आणि पूर आला तेव्हा आई हयात नव्हती. डिस्क विकत मिळते. नदीकाठच्या गावात राहणाऱ्याने रेकॉर्डिंगची तिसरी प्रत उंचावरच्या किंवा परगावच्या घरात ठेवावी आणि ती दर महिन्याला ताजी करावी.

सगळी मांडणी झाल्यावर पहिले रेकॉर्डिंग गाण्याचे न करता तंबोऱ्याचे करा. वाद्य नीट लावून घ्या, माइक घोडीपासून हातभर दूर ठेवा आणि पाच मिनिटे छेडत राहा. शेवटी खर्जाची तार छेडून हात काढा, आणि आवाज पूर्ण विरल्यावरही अर्धा मिनिट कोणी हलू नका, रेकॉर्डिंग चालू ठेवा. मग हेडफोन लावून तो शेवटचा अर्धा मिनिट आवाज मोठा करून ऐका. फुस्स आवाज येत असेल तर लॅपटॉप आणखी दूर, माइकच्या पाठीमागे न्या. घरघर असेल तर चार्जर आणि वायरी पाहा. रस्ता ऐकू येत असेल तर पहाटेची वेळ धरा. टकटक किंवा तुटल्यासारखे वाटले तर बफर एक पायरी वाढवा, वायफाय बंद करा आणि तीच तार पुन्हा छेडा.